तारामतीचा पगार : ‘राजा हरिश्चंद्र’चा जमाखर्च

१९१२ साली दादासाहेब फाळक्यांनी लंडनहून आणलेला विल्यमसन कॅमेरा ५० पौंडांचा होता. तेव्हा पौंडाला १५ रुपये हा ठरलेला भाव, म्हणजे झाले ७५० रुपये. त्याच कॅमेऱ्यापुढे तारामती म्हणून उभ्या राहिलेल्या अण्णा साळुंक्यांचा पगार महिना १५ रुपये. नायिकेने ५० महिने काम केलं असतं, तेव्हा कुठे कॅमेऱ्याची किंमत निघाली असती.

हा भागाकार मी केला तो धंद्याची खोड म्हणून. छोट्या मराठी सिनेमांची प्रॉडक्शन मॅनेजरी करण्यात माझे केस पिकले. माझ्या शीटवर आज नेमकं उलटं चित्र असतं. कॅमेरा भाड्याने मिळतो, ओळखीतला असला तर ‘बघू रे नंतर’ एवढ्यावरही मिळतो, आणि कुणाकुणाचं तर खिशातल्या फोनवरच भागतं. पैसा जातो तो माणसांवर. त्यांचा प्रवास, राहणं, सकाळचे पोहे, दोन वेळचं जेवण, आणि मोजदाद नसलेला चहा.

आमच्या लाइनीत ‘बजेट नाहीये’ हे वाक्य दिवसातून दहादा कानावर पडतं, आणि त्याच्या पाठोपाठ कुणीतरी फाळक्यांचं उदाहरण देतंच. विमा गहाण टाकला, बायकोच्या अंगावरचं गेलं, पण पठ्ठ्याने पिक्चर केलाच! हे ऐकून नवा पोरगा तापतो आणि घरी जाऊन आईच्या बांगड्यांकडे बघायला लागतो. अशा दोन-तीन बांगड्यांचं पुढे काय झालं ते मी जवळून पाहिलंय. म्हणून एकदा ‘राजा हरिश्चंद्र’ची फाइल भक्तिभाव बाजूला ठेवून, व्हाउचरं तपासतात तशी तपासायची ठरवली. माझा जुना संशय असा आहे की, कमी पैशांत झालेला सिनेमा स्वस्तात झालेला नसतो. कुणीतरी आपलं बिलच लावलेलं नसतं.

आठ खात्यांचा एक माणूस

धुंडिराज गोविंद फाळके ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरला जन्मले. म्हणजे सिनेमाला हात घातला तेव्हा चाळिशी उलटलेली. तोवरचा प्रवास बाहेरून बघणाऱ्याला फुटक्या नशिबाची यादी वाटेल. मुंबईत जे. जे. कलाशाळा, मग बडोद्याचं कलाभवन. गोध्र्याला फोटो स्टुडिओ काढला, तिथे प्लेगमध्ये पहिली बायको आणि मूल गेलं. पुरातत्त्व खात्यात ड्राफ्ट्समन आणि फोटोग्राफरची नोकरी धरली आणि सोडली. लोणावळ्यात राजा रविवर्म्याच्या छापखान्यासाठी काम केलं. स्वतःचा छापखाना उभा केला, १९०९ साली यंत्रं आणायला जर्मनीला जाऊन आले, आणि मग भागीदारांशी बिनसल्यावर तिथूनही उठले. मधल्या काळात जादूचे प्रयोग शिकले आणि आपलंच नाव उलटं करून ‘प्रोफेसर केळफा’ म्हणून केले.

प्रॉडक्शनवाल्याच्या नजरेला हीच यादी वेगळी दिसते. पडदे आणि सेट रंगवणारा घरात आहे, म्हणजे कलादिग्दर्शकाचा पगार वाचला. फोटोग्राफी येते, केमिकलं कळतात, म्हणजे लॅब वाचली. छापखाना चालवलाय, म्हणजे यंत्र बिघडलं तर मिस्त्री शोधायला नको. जादू येते, म्हणजे ट्रिक सीन घरचेच. विश्वामित्राच्या गोष्टीत ते लागणारच होते. एका माणसाच्या पगारात आठ खाती चालली, आणि त्या एकालाही पगार नव्हता.

गोष्टीची निवडही मला हिशेबी वाटते. लोक म्हणतात, पडद्यावर ख्रिस्ताचं चरित्र बघून त्यांना आपले देव पडद्यावर आणावेसे वाटले. ते खरंच आहे. फाळक्यांनी स्वतः १९१७-१८ मध्ये ‘नवयुग’ मासिकात तसं लिहून ठेवलंय. पण देव-देवता, राजे-महाराजे शेकड्यांनी होते, त्यांतला हरिश्चंद्रच का? मला विचाराल तर हे बघा. मूकपटात गोष्ट समजावत बसायला वेळ नसतो, आणि हरिश्चंद्राची गोष्ट शेंबड्या पोरालाही ठाऊक. लोकेशन्स मोजली तर राजवाडा, अरण्य, काशी आणि स्मशान. राजवाडा रंगवून होतो. अरण्याला आणि स्मशानाला भाडं पडत नाही. आणि गोष्टीतला राजा पहिल्या काही मिनिटांतच राज्य देऊन टाकतो, म्हणजे कपडेपटावरचा मोठा खर्च तिथेच आटोपला! पहिला सिनेमा करणाऱ्या पोरांना मी हे नेहमी सांगतो. कफल्लक झालेल्या माणसाची गोष्ट निवडा, शूटिंगही त्याच दिशेने जाणार असतं.

वाटाण्याचं रोप

गिरगावातल्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये तो ख्रिस्तपट पाहिल्यावर फाळके पुढे कित्येक महिने रोज चार-पाच तास सिनेमे बघत राहिले. डोळ्यांवर एवढा ताण आला की काही काळ दिसेनासं झालं. डॉक्टरांच्या औषधांनी आणि चष्म्यांनी नजर परत आली. भांडवलाला मात्र कुणी उभं राहीना. शेवटी १२,००० रुपयांच्या विमा पॉलिसी गहाण टाकून १०,००० रुपये उभे केले, १ फेब्रुवारी १९१२ ला बोट पकडली, लंडनमध्ये ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाच्या संपादकांना जाऊन भेटले, त्यांच्या ओळखीने इंग्लिश चित्रपट-निर्माते सेसिल हेपवर्थ यांचा वॉल्टनचा स्टुडिओ आतून पाहिला. दोन आठवडे. फिल्म इन्स्टिट्यूट म्हणा, वर्कशॉप म्हणा, काय ते एवढंच. कॅमेरा घेतला, फिल्मला भोकं पाडायचं यंत्र आणि कोडॅकची कच्ची फिल्म मागवली, आणि १ एप्रिलला मुंबईत परत.

यंत्रं आली, जोडली, गल्लीतल्या पोराटोरांवर कॅमेरा चालवूनही पाहिला. पण खरा सिनेमा करायला पैसे अजून हवेच होते. इथे फाळक्यांनी जे केलं ते या सगळ्या प्रकरणातलं माझं लाडकं काम. त्यांनी एका कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा मांडला, आणि महिनाभराहून जास्त काळ ते रोप वाढताना टिपत राहिले. तयार झाली मिनिटभराची फिल्म, ‘अंकुराची वाढ’.

‘रोज एक फ्रेम’ अशी ही गोष्ट बऱ्याचदा सांगितली जाते. ती हिशेबात बसत नाही. तेव्हाच्या वेगाने, सेकंदाला १६ चित्रं धरली, तर महिन्याच्या तीस फ्रेमा दोन सेकंदांत संपतील. मिनिटभराला ९६० लागतात. म्हणजे दिवसाकाठी तीसेक वेळा तरी कुणीतरी त्या कुंडीपाशी जाऊन हँडल फिरवलेलं असणार. सकाळी उठल्यावर, जेवणं झाल्यावर, दिवेलागणीच्या आधी. कुंडी हलवायची नाही, कॅमेऱ्याला धक्का लागू द्यायचा नाही, आणि हे पोराबाळांच्या घरात! पोरांना त्या कोपऱ्यापासून महिनाभर लांब ठेवायचं म्हणजे काय असतं, ते ज्याच्या घरात पोरं आहेत त्याला कळेल.

ती फिल्म निवडक लोकांना दाखवली आणि यशवंतराव नाडकर्णींसारख्यांनी कर्ज देऊ केलं. आज याला पिच म्हणतात, त्यासाठी लॅबा भरतात, वीस स्लाइडी लागतात. फाळक्यांची एकच स्लाइड होती. तीत ना हरिश्चंद्र होता, ना देव, ना देश. बी रुजलं, कोंब वर आला, पानं फुटली. पैसेवाल्याला एवढंच बघायचं असतं की, या माणसाला यंत्र येतं का आणि हा महिनाभर एका जागी टिकतो का.

अशा कामातला आनंद कुठे असतो असं कुणी विचारलं तर मी वाटाण्याकडे बोट दाखवीन. कुणी मागितलेलं नाही, कुणी नाही म्हणणारं नाही, आणि आपण केलेली वस्तू हलते. आमच्याकडेही तो क्षण येतो. रात्री एकला कुणाच्या तरी वन-रूम-किचनमध्ये एडिट चालू असतं, आवाज न लावलेला, रंग न सुधारलेला पहिला कट चालतो आणि मध्येच एके ठिकाणी सगळे गप्प होतात. पुढचे दोन-तीन सिनेमे माणूस त्या गप्प होण्यावर काढतो.

नायिका मिळेना

कलाकारांसाठी ‘इंदुप्रकाश’सारख्या पत्रांत जाहिराती दिल्या. हरिश्चंद्र म्हणून दत्तात्रय दाबके मिळाले, विश्वामित्र म्हणून गजानन साने. घोडं अडलं ते तारामतीपाशी. बायका नाटकातच येत नव्हत्या तिथे कॅमेऱ्यापुढे कोण येणार? फाळक्यांनी तमाशा, कोठे, सगळीकडे फिरून पाहिलं. अखेर ग्रँट रोडच्या खानावळीत चहा पिताना तिथे काम करणाऱ्या पोऱ्याचे नाजूक हात आणि अंगलोट त्यांच्या डोळ्यांत भरली. साळुंक्यांना तिथे महिना १० रुपये मिळत होते. फाळक्यांनी १५ देऊ केले.

म्हणजे भारतातल्या पहिल्या सिनेमा-नायिकेची फी पाच रुपयांच्या वाढीवर ठरली. आणि गंमत बघा, ही निवड उपाय म्हणून केली, पण ती टिकली. याच साळुंक्यांनी १९१७ साली ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता दोघांचीही कामं केली. एक पगार, दोन भूमिका! आमच्या निर्मात्यांना हे सांगू नका, म्हणजे झालं.

बायकांची कामं करणारे पुरुष मिशा काढायला तयार नव्हते. बाप जिवंत असताना मिशी भादरणं म्हणजे अशुभ. त्यांना समजावण्यात दिवस गेले. सिनेमात काम करतो असं सांगितलं तर गावात तोंड दाखवायची सोय नव्हती, तेव्हा फाळक्यांनी तोडगा सुचवला की घरी सांगा, हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहे. रोहिदासाच्या वाट्याला पडद्यावर मरण असल्याने कुणी आईबाप आपलं पोर द्यायला तयार होईनात. मग घरचाच थोरला, भालचंद्र, उभा केला.

घरखातं

आता व्हाउचरं. दादरच्या ज्या बंगल्यात हे सगळं चाललं त्या रस्त्याला आज दादासाहेब फाळके रोड म्हणतात. स्टुडिओ, ऑफिस, लॅब, मेकअप रूम, कँटीन आणि बिऱ्हाड, सगळं एकाच छपराखाली. या घरातलं एक नाव असं आहे की, माझ्या शीटवर मांडायला गेलो तर निदान पाच रकाने लागतील. सरस्वतीबाई फाळके.

साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक त्या करत. आउटडोअरला जाताना केटरर ठरवला आहे आणि तो सकाळी साडेसहाला फोन उचलत नाहीये, या प्रसंगातून गेलेल्या कुणालाही साठ-सत्तर या आकड्याचा अर्थ सांगायला नको. एक दिवस जेवण चुकलं की दुसऱ्या दिवशीचा पहिला शॉट अकराला लागतो. कपडे धुणं होतंच. दिवसा उन्हात पांढरी चादर ताणून त्या तासन् तास उभ्या राहत, कलाकारांच्या तोंडावर उजेड टाकायला. आज आमच्याकडे त्याच कामाला थर्माकोलचा तक्ता असतो आणि तो धरायला लाइटचा पोरगा असतो. त्याची शिफ्ट असते, शिफ्ट संपली की ओव्हरटाइम असतो. अर्धा तास धरून बघा, दंडाला कळ लागते. चादर तर वाऱ्याने फडफडते, आणि ती फडफडली की उजेड हलतो, शॉट वाया.

आणि रात्री भोकं. तेव्हा कच्ची फिल्म कोरी यायची, दोन्ही कडांची भोकं आपणच पाडायची, अंधाऱ्या खोलीत, हाताने यंत्र चालवून. सरस्वतीबाई आणि घरच्यांना फाळक्यांनी हे काम शिकवलं होतं. माझी खोड पुन्हा वर येते. एका चित्राला दोन्ही कडांना मिळून आठ भोकं, फुटाला १६ चित्रं, म्हणजे फुटाला १२८. सिनेमाची लांबी ३,७०० फूट. गुणाकार : ४,७३,६०० भोकं. आणि ही फक्त पडद्यावर चढलेल्या फिल्मची. वाया गेलेले शॉट वेगळे, आणि प्रिंट काढायला लागणारी दुसरी फिल्म वेगळी. एखादं भोक तिरकं पडलं तर चित्र पडद्यावर उडी मारणार, तेव्हा झोपेत पेंगून चालणार नाही. दिवसभर चुलीपाशी, उन्हात चादरीपाशी, आणि मग हे.

त्या घराची मला आणखी एक धास्ती वाटते, ती कुठे लिहिलेली फारशी दिसत नाही. तेव्हाची फिल्म नायट्रेटची, ठिणगी लागली तर विझवता न येणारी. आणि त्याच घरात साठ-सत्तर माणसांच्या स्वयंपाकाची चूल पेटलेली. विमा तर आधीच गहाण पडलेला.

साळुंक्यांचे १५ रुपये इतिहासात नोंदलेले आहेत. सरस्वतीबाईंच्या पुढे लिहायला आकडाच नाही. तेव्हाची गृहिणी, त्यात काय एवढं, असं कुणी म्हणेल. मला मात्र हे जुनं वाटतच नाही. मी काम केलेल्या एका सिनेमात दिग्दर्शकाच्या वहिनींनी एकवीस दिवस युनिटचे डबे केले. शेवटच्या दिवशी त्या मला म्हणाल्या, ‘‘भाऊजी, गॅसच्या सिलिंडरचे तेवढे मांडा हो.’’ मांडले. बाकीचं काय मांडायचं ते त्यांनाही सुचलं नाही आणि मलाही.

शूटिंग सहा महिने सत्तावीस दिवस चाललं असं नोंदलंय. ३,७०० फूट भागिले इतके दिवस, म्हणजे दिवसाला जेमतेम अठरा फूट, पडद्यावरचे साधारण अठरा सेकंद. आमचे छोटे सिनेमे वीस-पंचवीस दिवसांत उरकावे लागतात, कारण दिवस महाग आहे. फाळक्यांना दिवस स्वस्त पडला तो घर फुकट होतं म्हणून. त्यामुळे कॅमेरामन त्र्यंबक तेलंगांना कामावरच शिकवता आलं, ऊन नसेल तर थांबता आलं, बिघडलं तर पुन्हा करता आलं. स्वतंत्रपणे सिनेमा करण्याचं खरं सुख हेच असतं, थांबता येणं. त्या सुखाचा खर्च कोणत्या खात्यावर पडला ते वर आलंच.

हे घरखातं कायम चाललं नाही. १९१३ मध्येच बिऱ्हाड नाशिकला हललं. पुढे पहिल्या महायुद्धात पैसा आटला, कर्ज वाढलं, आणि १९१८ साली भागीदार घेऊन हिंदुस्थान फिल्म कंपनी निघाली. भांडवल आलं, त्याबरोबर वेळेचे आणि खर्चाचे प्रश्न विचारणारी माणसंही आली. खटके उडाले, फाळके राजीनामा देऊन काशीला निघून गेले आणि तिथे नाटक लिहीत बसले. पुढे ते कंपनीत परतले, पण तो भाग वेगळा. भागीदारांना खलनायक करायची आपल्याकडे पद्धत आहे. मला त्यांचीही बाजू कळते. ज्याच्या हिशेबात निम्मा खर्च कधी लिहिलाच गेला नाही, त्याच्याकडे अंदाजपत्रक मागायचं कसं?

वांगणी

आउटडोअर वांगणीला होतं, बदलापूरच्या पुढे. गोष्ट अशी सांगतात की युनिट आधी गेलं, फाळके मागाहून येणार होते. नटमंडळींनी रंग चढवला, कपडे घातले, ढाली-तलवारी, भाले घेऊन बसली. गावातल्या लोकांनी पाहिलं, दरोडेखोर आले म्हणून ओरड झाली, पाटलाने फौजदाराला वर्दी दिली आणि सगळी अयोध्या अटकेत! फाळके पोचल्यावर त्यांनी कॅमेरा दाखवून, समजावून सुटका करवली. सिनेमा हा शब्दच नवीन असलेल्या फौजदाराला ‘हे खोटं आहे, पण गुन्हा नाही’ हे पटवणं सोपं गेलं नसेल.

हसू येतं, पण ही चूक शुद्ध प्रॉडक्शनची. गावात पाय ठेवायच्या आधी पाटलाला भेटायचं, नारळ द्यायचा, मगच सामान उतरवायचं. मीही ही चूक एकदा केली आहे. घाटातल्या एका वळणावर खोट्या पिस्तुलाचा सीन होता, परवानगीचं पत्र माझ्या बॅगेत आणि बॅग चहा आणायला गेलेल्या गाडीत. दोन तास गेले, सूर्य गेला, सीन दुसऱ्या दिवसावर गेला.

वांगणीतलीच दुसरी गोष्ट हसण्यासारखी नाही. भालचंद्र खडकावर पडला, डोक्याला लागलं, शुद्ध हरपली. सोबतच्यांचं म्हणणं, मुलाला मुंबईला हलवू या. पण मुंबईला परतायचं म्हणजे पुन्हा सगळं युनिट इथे आणणं आलं. आणि राहिलेल्या सीनमध्ये रोहिदास मेलेलाच होता. फाळक्यांनी बेशुद्ध पोराला तसंच निजवून स्मशानाचा सीन घेतला, असं सांगितलं जातं.

ही गोष्ट आमच्याकडे निष्ठेचा दाखला म्हणून सांगतात. मला ती तशी ऐकवत नाही. दुसऱ्या कुणाचं पोर असतं तर त्याच्या बापाने कॅमेरा फोडला असता, आणि फोडायलाच हवा होता. इथे दिग्दर्शकही बाप, निर्माताही बाप, मग पॅकअप कोण म्हणणार? आउटडोअरला गेल्यावर एक माणूस असा लागतो की ज्याचा सिनेमात जीव अडकलेला नाही आणि जो थांबा म्हणू शकतो. तो माणूस फाळक्यांच्या बजेटमध्ये नव्हता. छोट्या सिनेमांत आजही बऱ्याचदा नसतो.

गल्ला

२१ एप्रिल १९१३ ला ग्रँट रोडच्या ऑलिंपिया थिएटरात निमंत्रितांसाठी खेळ झाला आणि ३ मेला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये सिनेमा लागला. नुसता सिनेमा नव्हे. सोबत मिस आयरीन डेलमारचा नाच, मॅक्लेमेंट्सची विनोदी नक्कल, पायांवर वस्तू झेलणारा अलेक्झांडर आणि टिप-टॉप कॉमेडी. आज ज्यांना मल्टिप्लेक्समध्ये सकाळी साडेदहाचा एकच शो मिळतो त्यांनी हे वाचून थोडं बरं वाटून घ्यावं. पहिल्या हरिश्चंद्रालाही पायावर गोळे नाचवणाऱ्याची सोबत घ्यावी लागली होती. मुंबईत गर्दी झाली, ठरलेली मुदत वाढवावी लागली.

पण मुंबईचं यश मुंबईपुरतं. फाळके चित्रपट घेऊन सुरतेला गेले, थिएटरवाल्याशी निम्म्या-निम्म्याचा करार झाला, आणि पहिल्या दिवशीचा गल्ला जमला तीन रुपये. तीन आण्यांच्या तिकिटाने धरलं तर सोळा माणसं. फाळक्यांचा वाटा दीड रुपया, म्हणजे साळुंक्यांचा तीन दिवसांचा पगार.

थिएटरवाल्याची तक्रार रास्त होती. सुरतेतला प्रेक्षक सहा-सहा तासांची नाटकं याहून कमी पैशांत बघत होता, त्याला दीड तासाचा खेळ म्हणजे फसवणूकच वाटणार. एक तर लांबवा, नाहीतर तिकीट कमी करा, असं त्याने सुचवलं. फाळक्यांनी दोन्हींना नकार दिला आणि जाहिरात बदलली : ५७,००० फोटोंचा खेळ, दोन मैल लांबीचं चित्र, अवघ्या तीन आण्यांत!

इथे त्यांच्यातला छापखानेवाला जागा झाला असावा. कलेचं, देवाचं, स्वदेशीचं नाव नाही, थेट वजनमापावर माल. आणि हिशेब तपासला तर? फोटोंचा आकडा जवळपास खरा आहे. ३,७०० फुटांना १६ ने गुणलं की ५९,२०० येतात, म्हणजे दोन हजार कमीच सांगितले. मैलाला ५,२८० फूट, म्हणजे लांबी पाऊण मैलाच्याही आत, तिथे दोन मैल ठोकून दिले. कॅमेरामनने आकडा खरा दिला आणि जादूगाराने त्याला शेपूट लावलं.

हे मी इथे मुद्दाम लांबवतोय, कारण आमच्या पोरांचा सगळा दम सिनेमा पुरा करण्यात संपतो. डीसीपी, म्हणजे थिएटरात चालवायची डिजिटल प्रत, हातात येईतो पोस्टरलाही पैसे उरत नाहीत, आणि मग ‘प्रेक्षकच नाहीत’ असं म्हणत सगळे घरी. फाळक्यांनी पडदा, यंत्र, चूल आणि पोर पणाला लावून झाल्यावर सुरतेच्या रस्त्यावर उभं राहून नवी जाहिरात लिहिली. तेही कामच होतं, आणि तेवढंच थकवणारं.

जाहिरात लागली. सोळा माणसांच्या जागी रांगा लागल्या, गल्ला ३०० रुपयांवर गेला. तीन आण्यांनी मोजलं तर सोळाशे तिकिटं. एका दिवसात शंभर पट.

त्यातले निम्मे थिएटरवाल्याचे.